ऊसबिलाचा दर हेल्पर क्लासला कोणी द्यायचा? वेब ॲप्लिकेशनमधील कॉन्फिगरेशनचा विचार

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन बाजूंना वसलेले तालुके उसाच्या पट्ट्यात मोडतात. शिरूर तालुक्यात न्हावरे येथील घोडगंगा सहकारी साखर कारखाना आणि जातेगाव बुद्रुक येथील व्यंकटेश कृपा, तर दौंड तालुक्यात पाटस येथील भीमा सहकारी साखर कारखाना आणि पाटेठाण येथील श्रीनाथ म्हस्कोबा ही नावे या पट्ट्याच्या शेतीव्यवहाराशी जोडली गेलेली आहेत. ऊस काट्यावर आल्यापासून त्याचे पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होईपर्यंत वजन, उतारा (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी), दर, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि कपाती असा मोठा हिशेब करावा लागतो, आणि त्यातील अनेक आकडे कारखाना नव्हे, तर सरकार, न्यायालय किंवा बँक ठरवत असते. बाहेरून ठरणारे आणि वारंवार बदलणारे हे आकडे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नेमके कोठे ठेवावेत आणि हिशेब करणाऱ्या लहान लहान घटकांपर्यंत ते कसे पोहोचवावेत, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो; परंतु ॲप्लिकेशनचे आयुष्य किती वर्षांचे असेल आणि त्याच्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवता येईल, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पुढील विवेचनासाठी ऊसबिलाचे एक काल्पनिक वेब ॲप्लिकेशन गृहीत धरले आहे. ते वर उल्लेखिलेल्या किंवा अन्य कोणत्याही कारखान्याचे नाही. मात्र त्यातील नियम आणि दर खरे आहेत. तांत्रिक उदाहरणे मुख्यतः जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील असली, तरी त्यामागील तत्त्व पीएचपी, पायथन किंवा डॉटनेट वापरणाऱ्यांनाही तितकेच लागू पडते.

हेल्पर क्लास आणि कॉन्फिगरेशन

वेब ॲप्लिकेशनमध्ये ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणारा, तिला उत्तर देणारा एक भाग असतो. जावामध्ये त्याला सर्व्हलेट किंवा कंट्रोलर म्हणतात. हा भाग स्वतः फारसे काम करत नाही. उताऱ्यावरून दर काढणे, वजनातून वाहनाचे वजन वजा करणे, शेतकऱ्याला एसएमएस पाठवणे, बँकेसाठी फाइल तयार करणे अशी कामे तो वेगवेगळ्या क्लासांकडे सोपवतो. क्लास म्हणजे संबंधित माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधलेला प्रोग्रॅमचा तुकडा. विनंती-उत्तराच्या व्यवहारापासून दूर राहून एखादे ठरावीक काम करून देणाऱ्या अशा क्लासला हेल्पर क्लास म्हटले जाते.

कॉन्फिगरेशन म्हणजे प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र न बदलता त्याचे वागणे ठरवणारी मूल्ये होत. डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे, काट्याच्या यंत्राचा नेटवर्कवरील पत्ता काय, एसएमएस कोणत्या सेवेमार्फत जायचे, बँकेची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, ही त्याची उदाहरणे आहेत. जावाच्या जगात ही मूल्ये पारंपरिकपणे प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवली जातात. ही साधी मजकूर-फाइल असून तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे किल्लीचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे मूल्य असते.

अडचण येते ती या दोहोंच्या भेटीत. सर्व्हलेटला ज्या सर्व्हरमध्ये तो चालतो त्याच्याकडून सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट नावाची वस्तू मिळते आणि तिच्यामार्फत त्याला सेटिंग वाचता येतात. हेल्पर क्लासला मात्र असा कोणताही आयता दुवा नसतो. तो एक साधा क्लास असतो आणि सर्व्हरला त्याच्या अस्तित्वाची कल्पनाही नसते. मग त्याने आपली मूल्ये कोठून मिळवावीत? गेल्या दोन-अडीच दशकांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि त्यांच्यातील उणिवा समजून घेतल्यावरच आजच्या उत्तराचे महत्त्व ध्यानात येते.

बदलणारे आकडे

उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार प्रत्येक साखर हंगामासाठी जाहीर करते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन ही पद्धत आली. त्यापूर्वी वैधानिक किमान दराची पद्धत होती. २०१७-१८ च्या हंगामात साडेनऊ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २५५ रुपये दर होता. पुढल्याच हंगामात दर २७५ रुपये झाला आणि त्याबरोबर पायाभूत उताराही १० टक्के करण्यात आला. २०२२-२३ मध्ये तो पुन्हा बदलून १०.२५ टक्के झाला आणि दर ३०५ रुपयांवर गेला. २०२४-२५ साठी हा दर ३४० रुपये, तर २०२५-२६ साठी ३५५ रुपये आहे. पायाभूत उताऱ्यापेक्षा वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्यासाठी २०२४-२५ मध्ये ३ रुपये ३२ पैसे, तर २०२५-२६ मध्ये ३ रुपये ४६ पैसे अधिक द्यावे लागतात. साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असला, तरी २०२५-२६ मध्ये दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही.

ज्या कारखान्याला ११.०५ टक्के उतारा लागू होतो, त्याचे उदाहरण घेता येईल. पायाभूत उताऱ्याच्या वर ०.८ टक्के, म्हणजे आठ टप्पे होतात. त्यामुळे २०२५-२६ चा दर ३५५ अधिक २७.६८, म्हणजे क्विंटलला ३८२ रुपये ६८ पैसे निघतो. ॲप्लिकेशनमध्ये चुकून आदल्या हंगामाची मूल्ये राहून गेली, तर उत्तर ३६६ रुपये ५६ पैसे येते. टनामागे हा फरक १६१ रुपये २० पैशांचा आहे, आणि शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी तो १६ हजार १२० रुपयांचा होतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होण्यापूर्वीच हिशेब इतका चुकतो, आणि कोणताही एरर संदेश न दिसता चुकतो.

आकड्यांबरोबर नियमही बदलतात. एफआरपीची रक्कम दोन हप्त्यांत देण्यास मुभा देणारा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी काढला. पहिल्या हप्त्यासाठी त्यात पुणे आणि नाशिक महसूल विभागांना १० टक्के, तर उर्वरित विभागांना साडेनऊ टक्के पायाभूत उतारा ठरवून दिला होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला. मळीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरले. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. हे कलम वर्षानुवर्षे तसेच आहे, परंतु ते कधीच बदलणार नाही असे कोणीही लिहून दिलेले नाही.

जुनी चार उत्तरे

पहिले उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक आहे : मूल्य थेट हेल्पर क्लासच्या मजकुरात लिहून टाकणे. दर काढणाऱ्या क्लासमध्ये ३४० हा आकडा लिहिला की काम त्या दिवशी पूर्ण होते. पुढच्या हंगामात मात्र तो आकडा शोधावा लागतो, बदलावा लागतो, संपूर्ण ॲप्लिकेशन पुन्हा बांधून सर्व्हरवर चढवावे लागते. आणि तोच आकडा अहवालाच्या क्लासमध्ये आणि बँकेच्या फाइलच्या क्लासमध्येही लिहिलेला असेल, तर त्यातील एखादी जागा हमखास नजरेतून सुटते.

दुसऱ्या पद्धतीत हेल्पर क्लास स्वतःच प्रॉपर्टीज फाइल उघडून वाचतो. यात फाइलचा पत्ता हा पहिला अडथळा ठरतो. केवळ फाइलचे नाव दिले, तर जावा ती फाइल सर्व्हर ज्या फोल्डरमधून सुरू झाला तेथे शोधते. त्यामुळे प्रोग्रॅमरच्या संगणकावर व्यवस्थित चालणारे ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवताच फाइल सापडत नसल्याची तक्रार करू लागते. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे फाइल ॲप्लिकेशनच्या क्लासांबरोबरच ठेवून ती क्लासलोडरमार्फत मागवणे. क्लासलोडर हा जावाचा क्लास शोधून आणणारा भाग असल्याने सर्व्हर कोठूनही सुरू झाला, तरी त्याला ती फाइल सापडते. तरीही काट्यावरील प्रत्येक खेपेला फाइल नव्याने उघडली जाणे, आणि दहा हेल्पर क्लासांनी ती दहा वेगवेगळ्या पद्धतींनी वाचणे, हे दोष शिल्लक राहतातच.

तिसऱ्या पद्धतीत सर्व्हलेट आपल्याकडची सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट किंवा विनंतीची वस्तूच हेल्परच्या हाती देतो आणि हेल्पर तिच्यातून हवी ती सेटिंग काढून घेतो. यामुळे फाइल शोधण्याची कटकट संपते, पण दर काढण्याचे निव्वळ गणिती काम वेबशी कायमचे बांधले जाते. पंधरवड्याची बिले रात्री एकगठ्ठा काढणारा प्रोग्रॅम ब्राउझरकडून आलेल्या विनंतीविना चालतो. त्याच्याकडे सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट नसल्याने तोच हेल्पर त्याला वापरता येत नाही. मग त्या हेल्परची नक्कल केली जाते, आणि एका कारखान्यात दर काढण्याचे दोन मार्ग तयार होतात.

चौथे उत्तर अनेक वर्षे आदर्श मानले गेले. ॲप्लिकेशन सुरू होताना सर्व सेटिंग एकदाच वाचून एका स्टॅटिक क्लासमध्ये ठेवायच्या आणि मग कोणत्याही हेल्परने त्या क्लासचे नाव घेऊन हवे ते मूल्य मागायचे. स्टॅटिक म्हणजे क्लासची वस्तू न बनवता थेट क्लासच्या नावाने मिळणारे. सर्व्हलेट मानकाच्या २.३ या आवृत्तीत ॲप्लिकेशन सुरू होण्याची आणि बंद होण्याची सूचना मिळवण्याची सोय आली, आणि ही पद्धत अधिक सुटसुटीत झाली. फाइल एकदाच वाचली जाते, पत्त्याचा प्रश्न एकाच ठिकाणी सुटतो आणि वेबशी बांधिलकीही राहत नाही.

या पद्धतीची उणीव ॲप्लिकेशन वाढल्यावर दिसू लागते. दर काढणाऱ्या क्लासकडे बाहेरून पाहिले, तर तो केवळ उतारा मागतो आणि दर देतो असे वाटते. परंतु आतून तो आणखी तीन सेटिंगांवर अवलंबून असतो, आणि ते अवलंबित्व त्याच्या मजकुरात खोल दडलेले असते. त्याची चाचणी घेण्यासाठी आधी सर्व सेटिंगांचा स्टॅटिक क्लास भरावा लागतो, आणि एका चाचणीने बदललेले मूल्य दुसऱ्या चाचणीत तसेच राहिल्याने निकाल चाचण्यांच्या क्रमावर अवलंबून राहू लागतात. शिवाय सेटिंग भरल्या जाण्याआधीच एखाद्या हेल्परने मूल्य मागितले, तर त्याला रिकामे मूल्य मिळते, आणि हा दोष कधी दिसतो तर कधी दिसत नाही.

मागणे आणि मिळणे

पहिली पद्धत सोडली, तर बाकीच्या तिन्हींमध्ये हेल्पर क्लास मूल्याच्या शोधात निघतो; बदलतो तो केवळ शोधण्याचा मार्ग. आजच्या पद्धतीने ही दिशाच उलटी केली. उसाच्या फडात कारखान्याचा चिटबॉय तोडणी टोळीच्या हाती स्लिप देतो. टोळी कारखान्याच्या शेतकी कार्यालयात जाऊन कपाटातून ती शोधून काढत नाही. त्याच रीतीने हेल्पर क्लासला लागणारे मूल्य तो निर्माण होतानाच त्याच्या हाती द्यावे, हे तत्त्व डिपेंडन्सी इंजेक्शन या नावाने ओळखले जाते. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मधील लेखात या नावाची आणि पद्धतीची सविस्तर मांडणी केली. रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातील विचारांतून उभ्या राहिलेल्या स्प्रिंग फ्रेमवर्कची १.० ही आवृत्ती २००४ मध्येच आली, आणि जावाच्या जगात हे तत्त्व सर्वदूर पसरले.

प्रत्यक्षात याचे रूप अगदी साधे असते. दर काढणाऱ्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे त्याची वस्तू बनताना चालणाऱ्या मजकुरात, पायाभूत उतारा, पायाभूत दर आणि प्रत्येक टप्प्याची वाढ ही तीन मूल्ये मागितली जातात आणि क्लासच्या आत ती न बदलणारी म्हणून ठेवली जातात. आता त्या क्लासची पहिली ओळ वाचताच त्याला काय काय लागते ते कळते. चाचणी घेणाऱ्याने ३५५, १०.२५ आणि ३.४६ देऊन वस्तू बनवायची, ११.०५ उतारा द्यायचा आणि ३८२.६८ येते का ते पाहायचे. त्यासाठी फाइल लागत नाही, सर्व्हर लागत नाही आणि डेटाबेसही लागत नाही.

स्प्रिंगमध्ये वस्तू बनवून त्यांना मूल्ये पुरवणाऱ्या भागाला कंटेनर म्हणतात. त्याच्याशी संबंधित एक चूक नवशिक्या प्रोग्रॅमरांच्या हातून इतक्या वेळा होते की तिची फोड करून ठेवणे आवश्यक आहे. व्हॅल्यू हे चिन्ह क्लासमधील एखाद्या चलावर लावले, की कंटेनर प्रॉपर्टीज फाइलमधील मूल्य त्यात भरतो. प्रोग्रॅमर हेल्पर क्लासमध्ये हे चिन्ह लावतो आणि मग दुसऱ्या ठिकाणी न्यू हा शब्द वापरून त्या हेल्परची वस्तू स्वतःच बनवतो. अशा वस्तूत तो चल रिकामाच राहतो, कारण कंटेनर फक्त आपण बनवलेल्या वस्तू भरतो. परस्पर बनलेल्या वस्तूची त्याला खबरच नसते. स्टॅटिक चलावर हे चिन्ह लावले, तरी मूल्य भरले जात नाही, कारण स्टॅटिक चल वस्तूचा नसून क्लासचा असतो. कन्स्ट्रक्टरमधून मूल्य मागितले असेल, तर ही चूक लपून राहूच शकत नाही. मूल्य न देता वस्तू बनवू पाहणारा मजकूर कंपाइलरच नाकारतो.

सेटिंगांची संख्या वाढली, की त्या सुट्या न ठेवता विषयवार गटांत बांधाव्यात. २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटमध्ये एका सामायिक उपसर्गाखालील सर्व किल्ल्या एका क्लासमध्ये एकत्र भरण्याची सोय आहे. काट्याच्या सेटिंगांचा एक गट, एसएमएसचा दुसरा, बँकेचा तिसरा असे केले, तर काट्याच्या हेल्परला फक्त काट्याचा गट मिळतो आणि बँकेच्या खात्याचा तपशील त्याच्या नजरेसही पडत नाही. या गटांवर नियमही लावता येतात : पत्ता रिकामा नसावा, थांबण्याची मर्यादा शून्याहून अधिक असावी. नियम मोडला, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. गाळप चालू असताना मध्यरात्री काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागल्यावर चूक कळण्यापेक्षा सुरू होतानाच ॲप्लिकेशनने नकार देणे कितीतरी स्वस्त पडते.

इतर भाषांमध्येही हाच प्रवाह दिसतो. डॉटनेटच्या जुन्या पद्धतीत वेब कॉन्फिग फाइलमधील मूल्ये कोणताही क्लास स्टॅटिक मार्गाने मागत असे. २०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉटनेट कोअरने ऑप्शन्स ही पद्धत आणून तीच मूल्ये कन्स्ट्रक्टरमधून देण्याची प्रथा पाडली. पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कमध्ये कोणत्याही हेल्परमधून थेट एन्व्ह फंक्शन वापरून मूल्य वाचले, तर विकासाच्या वेळी ते चालते; परंतु वेग वाढवण्यासाठी कॉन्फिगरेशन कॅश केले, की एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही आणि तिच्यातील मूल्य हेल्परला मिळत नाही. म्हणून एन्व्हचा वापर केवळ कॉन्फिगच्या फाइलींमध्ये करावा, असे त्या फ्रेमवर्कचे मार्गदर्शन सांगते. सेटिंग एकाच दारातून आत यावी आणि पुढे हातोहात दिली जावी, हा नियम येथेही कायम राहतो.

दर हे कॉन्फिगरेशन आहे का?

येथे अधिक मूलभूत प्रश्न उभा राहतो. काट्याचा पत्ता बदलला, की जुना पत्ता निरुपयोगी होतो. एफआरपीचे तसे होत नाही. २०२५-२६ चा हंगाम सुरू झाल्यावरही एखाद्या शेतकऱ्याच्या तक्रारीवरून २०२४-२५ चे बिल पुन्हा तपासावे लागते, थकलेल्या रकमेवर व्याज काढावे लागते, लेखापरीक्षकाला जुना हिशेब दाखवावा लागतो. प्रॉपर्टीज फाइलमध्ये ३४० पुसून ३५५ लिहिले, तर नवीन बिले बरोबर येतील, पण जुने बिल पुन्हा काढताच ते चुकेल.

म्हणून मूल्यांचे दोन वर्ग करणे अगत्याचे ठरते. ॲप्लिकेशन कोठे आणि कोणत्या परिस्थितीत चालते हे सांगणारी मूल्ये खऱ्या अर्थाने कॉन्फिगरेशन होत. त्यांची जागा फाइलमध्ये किंवा सर्व्हरच्या परिसरात आहे. व्यवहाराचा नियम सांगणारी आणि ज्यांना लागू होण्याची तारीख असते अशी मूल्ये हा डेटा आहे. त्यांची जागा डेटाबेसच्या तक्त्यात आहे, आणि त्या तक्त्यात हंगाम, लागू होण्याचा दिनांक, संपण्याचा दिनांक, आधारभूत अधिसूचना आणि नोंद करणाऱ्याचे नाव हे रकाने असले पाहिजेत. २०२२ च्या शासन निर्णयासारखा नियम पुढे रद्द झाला, तरी तो अमलात असताना काढलेली बिले कोणत्या आधारावर काढली गेली, हे या तक्त्यावरून सांगता येते. हेल्परच्या दृष्टीने मात्र काहीच बदलत नाही. त्याला पूर्वीप्रमाणेच तीन मूल्ये हाती मिळतात. ती फाइलमधून आली की तक्त्यातून, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मूल्य शोधण्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

याला जोडूनच आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पंधरवड्याची हजारो बिले निघत असताना मध्येच कोणी दर बदलला, तर अर्ध्या शेतकऱ्यांना एक दर आणि उरलेल्यांना दुसरा दर लागू होईल. त्यामुळे काम सुरू होताना लागणाऱ्या सर्व मूल्यांची एक न बदलणारी प्रत घ्यावी आणि ते काम संपेपर्यंत तीच वापरावी. त्याचप्रमाणे बंद झालेल्या सेटिंगचे नाव नव्या अर्थाने पुन्हा वापरू नये. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी नवी प्रणाली आठपैकी एका सर्व्हरवर चढवायची राहून गेली आणि जुन्या कामासाठीचा संकेत नव्या अर्थाने वापरल्यामुळे त्या सर्व्हरवरील मृतप्राय मजकूर जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

गुप्त मूल्ये

डेटाबेसचा पासवर्ड, बँकेच्या सेवेची किल्ली ही मूल्ये फाइलमध्ये लिहून ती फाइल प्रोग्रॅमच्या मजकुराबरोबर गिटसारख्या भांडारात ठेवण्याची सवय धोकादायक आहे. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब भांडारात ठेवलेली क्लाउड खात्याची ओळखपत्रे हल्लेखोरांच्या हाती लागली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख ग्राहक व चालकांची माहिती उघडी पडली. हेरोकू कंपनीशी संबंधित ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांमध्ये कॉन्फिगरेशन मजकुरापासून वेगळे काढून ऑपरेटिंग सिस्टिमच्या परिसर-चलांमध्ये ठेवावे, असे एक सूत्र आहे. संपूर्ण मजकूर आज जगासमोर उघडा केला, तरी कोणतेही गुपित बाहेर पडणार नाही, ही त्या सूत्राची कसोटी होय. स्प्रिंग बूटमध्ये परिसर-चलातील मूल्य फाइलमधील त्याच किल्लीच्या मूल्यावर मात करते. त्यामुळे फाइलमध्ये निरुपद्रवी मूल्ये आणि सर्व्हरवर खरी मूल्ये अशी विभागणी सहज करता येते.

देवनागरीची अडचण

मराठी मजकूर वापरणाऱ्यांना प्रॉपर्टीज फाइलमध्ये एक खास अडचण येते. जावाची मूळ पद्धत ही फाइल पश्चिम युरोपीय लिपींसाठीच्या आयएसओ ८८५९-१ या संकेतप्रणालीत आहे असे गृहीत धरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. ‘न्हावरे’ या नावात असे सात संकेत असल्याने त्याचे २१ बाइट होतात, आणि जुन्या पद्धतीने वाचल्यास त्या जागी २१ निरर्थक चिन्हे उमटतात. पूर्वी यासाठी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहावा लागे, आणि ते रूपांतर करणारे स्वतंत्र साधन जावाबरोबर मिळत असे. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने भाषांतराच्या फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचण्यास सुरुवात केली आणि ते साधन काढून टाकले. मात्र प्रॉपर्टीज क्लासला थेट बाइटप्रवाह दिला, तर जुनेच गृहीतक कायम राहते. म्हणून यूटीएफ-८ चा स्पष्ट उल्लेख करून बनवलेला रीडर त्याला द्यावा. ही सोय जावा ६ पासून उपलब्ध आहे.

अंकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. जावामध्ये पूर्णांक वाचणारी नेहमीची पद्धत देवनागरी अंक स्वीकारते, पण डबल या अपूर्णांक प्रकाराची पद्धत ते नाकारते; त्यामुळे फाइलमध्ये ‘३५५’ चालते आणि ‘३.४६’ अडते, असा चमत्कारिक अनुभव येतो. पैशांसाठी डबल वापरूच नये, कारण त्यात ३.४६ सारखे मूल्य अचूक साठवता येत नाही. बिगडेसिमल हा दशमान पद्धतीने अचूक हिशेब करणारा प्रकार वापरावा.

जुन्या ॲप्लिकेशनसाठी

सहकारी संस्था, बाजार समित्या आणि लहान कारखान्यांमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वीची ॲप्लिकेशन अजूनही चालू असतात, आणि ती नव्याने लिहिणे परवडत नाही. अशा ठिकाणी सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते. आधी मजकुरात थेट लिहिलेले सर्व दर, टक्केवारी आणि पत्ते शोधून त्यांची यादी करावी. मग त्यांतील तारखेशी बांधलेली मूल्ये तक्त्यात आणि उरलेली फाइलमध्ये हलवावीत. त्यानंतर सर्वाधिक महत्त्वाचा हेल्पर, बहुधा दर काढणारा, कन्स्ट्रक्टरमधून मूल्ये घेईल असा बदलावा आणि मागील हंगामांच्या खऱ्या बिलांशी त्याची उत्तरे ताडून पाहावीत. बाकीचे हेल्पर काही काळ जुन्या स्टॅटिक क्लासवर राहिले, तरी बिघडत नाही. मात्र नवीन लिहिला जाणारा एकही हेल्पर त्याच्यावर अवलंबून ठेवू नये.

हेल्पर क्लासने आपल्याला मिळालेल्या मूल्यांवर काम करावे, ती कोठून आली याचा शोध घेऊ नये. आणि ॲप्लिकेशनने ती मूल्ये एकाच ठिकाणी, सुरुवातीलाच, तपासून घ्यावीत. हा शिस्तीचा भाग वाटला, तरी त्याचा अंतिम परिणाम शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर होतो. दरवर्षी हंगामाचा दर जाहीर झाला की प्रोग्रॅमरला मजकूर उघडावा लागत असेल, तर त्या ॲप्लिकेशनची रचना सदोष आहे असेच समजावे. अधिसूचनेच्या आधारे तक्त्यात एक ओळ वाढवून शेतकी विभागाचा कर्मचारी तो बदल करू शकत असेल, तरच ती रचना योग्य म्हणता येईल.